मंत्रीसाहेब, नंबर असता तर तुमच्याकडे आलो कशाला असतो?

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. आपलं नाव मुद्दाम घालत नाहीये, उगाच कार्यकर्ते घरी यायचे चहाला.

मागच्या २६ जानेवारीला आपण आमच्या तालुक्याच्या गावी आला होतात. भाषणात म्हणालात की पहिल्या महायुद्धात गेलेल्या इथल्या प्रत्येक जवानाचं रेकॉर्ड सहा महिन्यांत घरच्यांच्या हातात देऊ. मी मंडपात चौथ्या रांगेत होतो, टाळ्या मीपण वाजवल्या. शेजारी वडील होते, वय ८१, त्यांनी माझा हात दाबला. दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. परवा उत्तर आलं, साध्या पोस्टानं, दीड ओळ. "अर्जासोबत सैनिक क्रमांक जोडलेला नसल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

वडिलांना ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं वाचलं तर त्यांनी फक्त 'निकाली' ऐकलं, त्यांना वाटलं निकाल लागला. म्हणाले, "मग कधी गेले? तारीख काय दिलीय?"

आता याचं उत्तर आपण देता का? मला नाही देता आलं.

माझे पणजोबा १९१५ ला खटाव तालुक्यातनं पलटणीत गेले. आजोबा तेव्हा पाळण्यात. पुढं गावातलाच एक जण परत आला त्यानं पणजीला सांगितलं की कुतला अडकले होते, घोडा खाल्ला नाही म्हणून गेले. बस, आमच्या घराण्याचा युद्धाचा इतिहास एवढाच, एका वाक्याचा. लहानपणी मला वाटायचं कायतरी चेष्टाय, घोडा कोण खातं. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं. कुत-अल-अमारा, इराक. तिथं इंग्रजांच्या हिंदी फौजेची ६ वी पूना डिव्हिजन, म्हणजे आपल्या पुण्याच्या नावाची, डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात होती, १४७ दिवस. अन्न संपलं तसे घोडे कापायला लागले, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी धर्मापायी ते मांस तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला, तेरा हजाराच्या आसपास माणसं तुर्कांच्या ताब्यात, पुढं वाळवंटातनं चालवत नेली. त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. आमचे पणजोबा यातल्या कुठल्या? की कुतच्या आतच गेले? की चालताना? हेच तर विचारलं होतं साहेब. एवढंच.

आणि आपण मला विचारता नंबर.

नंबर होता आमच्याकडं. त्याची गोष्ट सांगतो, आपल्याकडे वेळ नसेल पण सांगतो. सरकारनं पणजीला दोन वस्तू पाठवल्या होत्या. एक पितळेसारखी दिसणारी ब्राँझची गोल थाळी, वीतभरही नाही, त्यावर बाई आणि सिंह, कडेनं इंग्रजीत की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, आणि चौकटीत पणजोबांचं नाव. फक्त नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, नंबर नाही. का तर म्हणे मरणात सगळे सारखे. आज्जीनं ती थाळी कितीतरी वर्षं तिखटाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली, अजून सिंहाच्या आयाळीत लाल दिसतं, ब्रशनं घासलं तरी जात नाही. दुसरी वस्तू चांदीचं मेडल. त्याच्या कडेवर, रुपयाला जिथं दाते असतात ना तिथं, बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं असतं. ते मेडल आज्जीनं १९७२ ला सोनाराकडं नेलं. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे काय हे खटाव-माणच्या माणसाला सांगावं लागत नाही, परदेशातनं आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी आणि खडी फोडायला रोजगार हमीवर बाया. चांदी वितळली, नंबर त्यातच गेला. आज्जीला दोष देऊ का मी? चार पोरं जगली त्यावर, त्यातलं एक माझे वडील.

बरं गावात दगड आहे. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी, इंग्रजांनीच बसवलेली, असे दगड गावोगाव आहेत, आपण हार घालता ते. पाटीवर काय, तर या गावातून महायुद्धाला ३८ जण गेले, पैकी ६ मेले. नाव एकाचंही नाही. त्या सहात आमचा एक. तीपण नूतनीकरणात पोपटी ऑइलपेंटखाली गेलीय, मी रुपयाच्या नाण्यानं खरवडून ६ चा आकडा काढला तर शिपाई म्हणाला, सरकारी मालमत्ता आहे, खरवडू नका.

गंमत पुढं आहे. तिकडं इराकातच बसऱ्याला इंग्रजांचं युद्धात मेलेल्यांचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसं. त्यात गोऱ्यांची नावं, आपल्यातल्या ऑफिसरांची नावं, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या. म्हणजे गावच्या दगडावर संख्या, बसऱ्याच्या दगडावर संख्या. आणि ते स्मारकसुद्धा १९९७ ला सद्दामनं मूळ जागेवरनं उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन ठेवलं. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर शिपायांची नावं शोधता येतात, मान्य, पण स्पेलिंग इंग्रज कारकुनानं जे ऐकलं ते. मी आमच्या आडनावाची अकरा स्पेलिंगं टाकून बघितली. त्याच नावाचे चौघं निघाले, गाव असं लिहिलंय की मला माझंच गाव ओळखू येईना. चारातला आमचा कुठला हे ठरवायला परत काय लागतं? बरोबर. नंबर. वर १९२२ ला पलटणींचेपण नंबर बदलले, ११० ची ३/५ झाली, म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण, तेव्हा माणूस सोडा पलटणसुद्धा जुन्या नंबरानं सापडत नाही.

हे सगळीकडंच असं असतं म्हणून सोडून दिलं असतं. पण नाही ना. पंजाबातल्या ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती, इंग्लंडमधल्या पंजाब्यांनी आणि तिथल्या एका युनिव्हर्सिटीनं मिळून ती काढली, २०२१ ला नेटवर टाकायला सुरुवात केली. लाहोर पाकिस्तानात आहे हे आपल्याला माहीत असेलच. खुद्द इंग्रजांची सैनिकांची कागदं १९४० ला जर्मन बॉम्बनं जळाली, साठ टक्के गेली, तरी त्यांचे नातू राहिलेल्या कागदांवरनं आजे हुडकतात. आपल्यावर कुठला बॉम्ब पडला होता? वाळवीचा?

आणि जुनी कागदं मोडी लिपीत आहेत, ती वाचणारे नाहीत हे तर मला सांगूच नका. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा बरे मोडीवाले सापडले. शाळांची रजिस्टरं, जेलची रजिस्टरं, महसूल, सगळं उपसलं, ५४ लाख की किती नोंदी काढल्या, आता अजून वाढल्या असतील. चांगलंच केलं, माझा विरोध नाही, आमच्या भावकीला फायदाच झाला. म्हणजे मनात आणलं तर सरकारला आमचे खापरपणजोबा सापडतात, आणि मनात आणायला किती लोक रस्त्यावर लागतात तेपण कळलं. कुतला मेलेल्यांचा मोर्चा कोण काढणार?

आता राहिलं जमिनीचं. एकोणीस गुंठे, माळाची, कुसळं उगवतात. सातबाऱ्यावर अजून पणजोबा आहेत. वारस लावायचा तर मृत्यूचा दाखला आणा, गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात नाही कारण गावात मेले नाहीत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं म्हणे, तर त्या अधिकारीसाहेबांना मी म्हटलं, ते १९१५ ला गेलेत हो, हिशोब करा. ते म्हणाले, तुमचं खरंय पण सिस्टीम घेत नाही. कोर्टात जा म्हणाले, सात वर्षं बेपत्ता असला की कोर्ट मेला धरतं. शंभरावर वर्षं झाली, वकिलानं पंधरा हजार सांगितले, माळ विकला तर तेवढे येतात का बघावं लागेल. म्हणजे इंग्रज म्हणतात मेला, थाळी म्हणते मेला, महाराष्ट्र शासनाच्या लेखी माझा पणजोबा जिवंत आहे. मग पगार तरी चालू करा की त्यांचा!

सोडा. भांडायला नव्हतो बसलो. वडील अजून रोज विचारतात, पत्र आलं का. त्यांना पैसे नकोत, पेन्शन नको, पितृपंधरवड्यात सर्वपित्रीला पान वाढतो आम्ही, कारण तिथी माहीत नाही. त्यांना तिथी पाहिजे. एका म्हाताऱ्याला त्याच्या आज्याची तिथी पाहिजे, इतकं अवघड काम आहे का हे?

अर्ज परत जोडलाय. थाळीचा दोन्ही बाजूंनी फोटो आहे, लाल दिसतं ते तिखट आहे, गंज नाही. सैनिक क्रमांकाचा रकाना कोरा सोडलाय, तो तुम्ही भरायचाय.

आणि ग्रामपंचायतीला सांगून त्या पाटीवरचा पोपटी रंग तेवढा काढून घ्या. त्याला नंबर लागत नसेल.

आपला,
खटाव तालुक्यातला एक मतदार