माझी साडी वाळवणाऱ्या कोरियन ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतलं पत्र तुम्हाला पाठवलंच आहे, पण त्यात मनातलं निम्मंही उतरलं नाही. म्हणून हे मराठीत आणि चारचौघांसमोर लिहितेय. तुमच्यासारखी माणसं जगात आहेत, हे माझ्या माणसांनाही कळू दे.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. सर्वास ही प्रवासी आणि यजमान यांना जोडणारी संस्था. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, बॉब लुइटवायलर या युद्धविरोधी अमेरिकन तरुणाने डेन्मार्कमध्ये मित्रांसोबत ती सुरू केली. परक्या देशातला माणूस आपल्या घरी दोन रात्री राहिला, आपल्या ताटात जेवला, तर उद्या त्याच्यावर बंदूक उचलताना हात अडखळेल, एवढा साधा विचार त्यामागे आहे. राहण्याचे पैसे कुणी घेत नाही, कुणी देत नाही. या संस्थेची 2018 ची आंतरराष्ट्रीय परिषद दक्षिण कोरियात होती आणि सोलापूरहून मी एकटी निघाले होते.

विमान बदलताना माझी बॅग मागे राहिली. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता एक कागद पुढे सरकवला आणि माझ्या मागच्याला हाक मारली. तिकिटाचे पैसे घेताना ‘काकू, रात्री दोनला फोन केलात तरी उचलेन’ म्हणणाऱ्या एजंटाने दिवसासुद्धा फोन उचलला नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही. बॅग हरवू शकते. पण साठी उलटलेली बाई नेसत्या लुगड्यानिशी परमुलखात उभी आहे हे दिसत असताना ‘बसा, पाणी घ्या’ म्हणायला कोणता नियम आड येतो?

तुम्ही मात्र मला न्यायला आला होतात, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून परिषदेच्या दारात उभं राहायचं असूनही. बॅगेसाठी तुम्ही कुठे कुठे फोन केलेत, कुणाशी भांडलात, ते मला कळलं नाही. ती आली, एवढंच खरं. पण हे पत्र बॅगेसाठी नाही.

घरी पोचल्यावर तुम्ही तुमचे कपडे माझ्यापुढे ठेवलेत. मी रात्रीपुरते घेतले. सकाळी उद्घाटनाला मात्र साडीच नेसायची होती, आणि अंगावरच्या एकुलत्या एक साडीच्या पदरावर विमानातल्या जेवणाचा हा एवढा तेलकट डाग. मी काही बोलले नव्हते, नुसता पदर उलटसुलट करून बघत होते. तुम्ही तो हातातून घेतलात, साबण लावून डाग चोळून काढलात आणि अख्खी साडी धुतलीत. मला धस्स झालं. सोलापूरच्या उन्हात तासाभरात वाळली असती, पण तिथे ऑक्टोबरातली रात्र होती.

तुमच्याकडे घराची जमीनच तापवतात, हे मला ठाऊक नव्हतं. खालून गरम पाण्याच्या नळ्या जातात, ऑन्डोल म्हणतात त्याला. ती सुरू करण्याइतकी थंडी अजून पडली नव्हती, हे मला नंतर समजलं. तुम्ही ती माझ्या साडीसाठी सुरू केलीत. बैठकीतलं टेबल उचलून बाजूला ठेवलंत आणि साडेपाच मीटर साडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलीत, उरलेली वळवून पुन्हा उलटी आणलीत. मग तुम्ही गुडघ्यांवर बसून काठ तळहाताने सरळ करत गेलात, इंच इंच, पापड वाळत घालावेत तशा निगुतीने. रात्री पाणी प्यायला उठले तर तुमचे यजमान भिंतीला पाठ लावून आडवे आडवे पावलं टाकत होते, साडीवर पाय पडू नये म्हणून. स्वतःच्याच घरात! मला बघून ते हसले आणि बोट ओठांवर ठेवून सासूबाईंच्या खोलीकडे खूण केली. मी परत जाऊन अंथरुणावर बसले आणि रडले.

सकाळी साडी कोरडी होती, कोमट होती. तुम्ही एक टोक धरलंत, मी दुसरं, आणि दोघींनी मिळून तिची घडी घातली.

उद्घाटनाच्या सभागृहात किती देशांची माणसं होती! कुणी गळ्यात पडत होतं, कुणी पत्र्याच्या डब्यातली घरची बिस्किटं वाटत होतं. माझ्या साडीचं कौतुक ज्याने त्याने केलं. तुम्ही मात्र तो सोहळा पाहिलाच नाहीत. भाषणं चालू असताना तुम्ही बाहेर नावांचे बिल्ले लावत होतात, उशिरा आलेल्यांना पाणी देत होतात. व्यासपीठावर ज्यांचे सत्कार झाले ते योग्यच होते, पण असली परिषद उभी राहते ती बाहेरच्या त्या टेबलापाशी. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात, सप्ताहात हेच पाहिलंय. पंगतीत शेवटी बसणाऱ्यांचं नाव पत्रिकेत नसतं.

परत येताना गाडीत मी विचारलं, हे सगळं का करता? तुमच्या सासूबाईंची धाकटी बहीण उत्तर कोरियात राहिली, एवढंच तुम्ही सांगितलंत. 1953 मध्ये तुमच्याकडे लढाई थांबली, पण शांततेचा करार आजतागायत झालेला नाही. ज्या घरातलं माणूस काही तासांच्या अंतरावर असून भेटत नाही, त्या घराने सोलापूरच्या अनोळखी बाईसाठी जमीन तापवली. यापुढे मला काही बोलता आलं नाही, आताही येत नाही.

ताई, आता तुम्ही यायचं. संक्रांतीच्या सुमारास या, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते आणि शेतात हुरडा असतो. मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने बसलात की सकाळी सोलापूर. दोन रात्रींचा नियम तुम्हाला नाही. सासूबाईंना प्रवास झेपणार असेल तर त्यांनाही आणा. खालची खोली त्यांच्यासाठी ठेवते, म्हणजे जिने चढायला नकोत.

तुमची,
सोलापूरची पाहुणी