तारांखालची जमीन भाजीला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या वृत्तपत्रात एक बातमी ठरलेली असते. आवक घटली, पालेभाज्या कडाडल्या, कोथिंबिरीची जुडी परवडेना. बातमी खरीच असते. मी नवी मुंबईत तुर्भ्याच्या घाऊक भाजीपाला मार्केटात माथाडी कामगार म्हणून उभं आयुष्य काढलं. ती जुडी कुठून येते आणि कोणत्या अवस्थेत उतरते हे मला कुणी सांगायला नको. आता निवृत्त आहे. कोपरखैरण्यात माथाडींच्या बैठ्या घरांपैकी एकात राहतो आणि गच्चीवर जमेल तेवढी भाजी लावतो. गाव सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे मातीत हात घालायची खोड जुनीच.

मागणी एकच आहे. ऐरोलीपासून नेरूळपर्यंत उच्चदाबाच्या वीजतारांखाली लांबच लांब पट्टे मोकळे आहेत. तिथं घर बांधता येत नाही, उंच झाड वाढू देता येत नाही. काही ठिकाणी रोपवाटिका आहेत आणि त्या चांगल्या चालल्या आहेत. उरलेल्या भागात गवत, राडारोडा, टाकून दिलेल्या रिक्षा. ह्या जमिनीचे लहान वाफे पाडून ते आजूबाजूच्या रहिवाशांना वर्षाच्या भाड्यानं भाजी करायला द्यावेत. वांगं, मिरची, मुळा, माठ ह्यांतलं काहीही तारेपर्यंत पोहोचत नाही.

मार्केटच्या शेजारी राहणाऱ्याला भाजी लावायची गरज काय, असं मला घरातही विचारतात. १९९६ साली भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार तुर्भ्याला आला, तेव्हापासून अख्ख्या मुंबईची भाजी आमच्या दारावरून जाते. तरीही सांगतो, पालेभाजी ही गाडीत बसायची वस्तूच नव्हे. नाशिक, पुण्याकडून रात्री गाड्या लागतात. वरच्या जुड्या हिरव्यागार दिसतात, पण थप्पीच्या पोटात हात घातला तर वाफ लागते. तोडलेली मेथी जिवंतच असते, ती आतल्या आत तापते आणि पिवळी पडते. पावसात भिजलेली असली तर उतरवेपर्यंत बुडखा चिकट झालेला. मग गाळ्यावर निवडतात, अर्धी फेकतात, आणि फेकलेल्या अर्धीचा पैसा राहिलेल्या अर्धीवर चढतो. कांदा, बटाटा, भोपळा बिचारे कितीही लांबून येऊ देत, त्यांचं काही बिघडत नाही. म्हणून मी कधी कांदा लावत नाही. लावायचं ते पानांचं आणि रोज दोन-चार लागतं ते: माठ, मायाळू, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता.

पण हेही सांगितलं पाहिजे की ज्या पावसानं शेतकऱ्याची मेथी कुजते तोच पाऊस आमच्याही गच्चीवर पडतो. ठाण्या-नवी मुंबईत आषाढ-श्रावणात मेथी, पालक करून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. त्या दिवसांत अळू, मायाळू आणि वेल. पहिल्या पावसाबरोबर पडवळ, शिराळं, घोसाळं, काकडी टोकायची. भेंडीही येते. पावसाळ्यात मेथीच हवी हा हट्ट आपला, भावाची बातमी त्या हट्टाची. ठाण्याच्या जांभळी नाक्याला जून-जुलैत आदिवासी बाया शेवळं, कुलू, टाकळा घेऊन बसतात, त्या बघा. त्या महिन्यात जे आपसूक उगवतं तेच त्यांच्या टोपलीत असतं, आणि आपण त्यांच्यासमोरून जाऊन महागडी कोमेजलेली मेथी विकत घेतो.

दसऱ्यानंतर खरा हंगाम. मेथी, मुळा, पालक, वाल, टोमॅटो, सगळं तेव्हा. लाल माठ महिन्याभरात काढणीला येतो. कुणाकडे नुसती खिडकी असेल तर त्यानं पसरट खोक्यात वाळू घालून समुद्रमेथी, म्हणजे कोवळी असतानाच काढायची मेथी, पेरावी. पंधरवड्यात एका वेळची भाजी होते. टोमॅटो एप्रिल-मेपर्यंत ओढू नये, उन्हाळ्यात फूल गळतं, फळ धरत नाही. दुधी लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की फुलं भरपूर, पण इवलासा दुधी धरतो आणि सडून पडतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचं काम रात्रीचे पतंग करतात. सिमेंटच्या जंगलात पतंग कुठले? दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाच्या तोंडावर हलकेच फिरवायचं. मादी फूल ओळखू येतं, त्याच्या देठाशी बोटाएवढा दुधी आधीपासूनच असतो. आमच्या घरात हे काम मालकिणीकडे आहे. माझ्या बोटांना पोत्याची सवय, फूल चुरगळतं.

आता गच्च्यांविषयी, कारण तारांखालच्या जमिनीची मागणी तिथूनच निघते. सोसायट्या कुंड्या हटवायला सांगतात आणि रहिवासी चिडतात. मी इथं सोसायटीच्या बाजूनं आहे, निदान अर्धा. भाचा बांधकामावर इंजिनिअर आहे, त्यानं हिशेब दाखवला. भारतीय मानकात (आयएस ८७५) वावर असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. म्हणजे पन्नास किलोच्या तीन गोण्या. ओली माती सहा इंच अंथरली तर त्याच एका चौरस मीटरवर अडीचशे किलोच्या पुढे जाते, पाच गोण्या. ज्यानं पाठीवर गोणी घेतली आहे त्याला हा फरक लगेच कळतो. तीस-चाळीस वर्षांच्या इमारती, त्यांत गळती, त्यावर असे वाफे घालू देऊ नयेत हेच बरोबर.

माती कमी करून भाजी करता येते, तो मार्ग आहेच. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर ह्यांनी आपल्या ‘प्रयोग परिवार’ ह्या चळवळीतून थोड्या जागेत, घरच्या काडीकचऱ्यावर भरघोस पिकवायची पद्धत किती आधी लोकांपर्यंत नेली होती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवत बाग उभी राहिली, तीही बहुतेकांना माहीत असेल. मी रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणतो, त्यात सुका पाला, घरचं खत आणि ओंजळभर माती. भरतो ते मार्केटातल्या मोडक्या क्रेटमध्ये, आतून गोणपाट लावून. वजन निम्म्याहून कमी. कुंड्यांखाली ताटल्या ठेवत नाही, ठेवल्या तर आठवड्यातून एकदा पालथ्या घालाव्यात. डेंग्यूचा डास तिथंच अंडी घालतो आणि पालिकेची माणसं तपासायला येतात ती उगाच नाही.

पण हे ज्याला गच्ची आहे त्याच्यासाठी. माझ्या ओळखीत कितीतरी माणसं अशी आहेत की शेतकरी घरातून आली, वन रूम किचनमध्ये राहतात, बाल्कनीला ग्रिल, ग्रिलच्या समोर दुसऱ्याची भिंत. चार तास ऊन मिळत नाही. फळभाजीला सहा तास तरी लागतं. त्यांच्या हातातलं कसब असंच वाया चाललंय. तारांखाली ऊन मात्र भरपूर आहे, सावली धरायला काही नाहीच.

सरकारी जमीन भाजीला देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. रेल्वे ‘अधिक धान्य पिकवा’ ह्या जुन्या योजनेखाली रुळांलगतची जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी देत आली. जमीन राखली जाते, अतिक्रमण होत नाही. गाडीच्या खिडकीतून हे मळे सगळ्यांनी पाहिलेत आणि पाहून नाकही मुरडलंय, कारण बऱ्याच ठिकाणी पाणी नाल्याचं. ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांचा. नाल्यात काय काय उतरतं कोण जाणे, आणि शिसं, कॅडमियम ह्यांसारखे धातू पालेभाजी पानांत ओढून घेते, ते धुऊन जात नाहीत. दोष भाजी लावणाऱ्याचा नाही, त्याला दुसरं पाणी कुणी दिलं? म्हणून तारांखालचे वाफे द्यायचे तर पाण्याची सोय आधी. मोरबे धरणाचं प्यायचं पाणी वाफ्यांना घालावं असं मी म्हणणार नाही. आपल्या पालिकेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं चांगली आहेत, कोपरखैरणे आणि ऐरोलीचं पुढच्या टप्प्यात शुद्ध केलेलं पाणी कारखान्यांना जातं. त्यातलं थोडं, तपासून, मुळाशी घालायला आणि शिजवून खायच्या भाज्यांनाच. चार महिने तर आभाळातूनच येतं.

विलायतेत हे सगळं कायद्यानं चालतं, असं नातवानं मोबाईलवर वाचून दाखवलं. १९०८ च्या कायद्यानं तिथल्या नगरपालिकांवर भाजीचे वाफे पुरवण्याची जबाबदारी टाकली, आणि सहा स्थानिक मतदारांनी लेखी मागणी केली तर ती विचारात घ्यावी लागते. एक पूर्ण वाफा जुन्या मापानं सुमारे अडीचशे चौरस मीटरचा. आमचं बैठं घर त्याच्या दहाव्या भागात बसेल! आपल्याला इतकं कशाला हवं? दहा बाय दहा फूट पुष्कळ झालं. सहा मतदारांची गोष्ट मात्र मला आवडली. आमच्या गल्लीत सहा काय, साठ मिळतील.

एका कार्यालयात मी विचारून आलो. जमीन आमची नाही म्हणाले. ज्यांचं नाव सांगितलं तिथं गेलो, तर अशी योजना नाही हे उत्तर. योजना नाही हे मलाही ठाऊक होतं, म्हणून तर गेलो होतो. सिडको, महानगरपालिका आणि वीज कंपन्या ह्यांनी एकत्र बसल्याशिवाय हे सुटायचं नाही, आणि त्यांना एकत्र बसवायचं काम आपल्या वृत्तपत्रासारख्यांनी करावं.

नियम कडक असावेत ह्याला माझी हरकत नाही. वाफ्यात लोखंडी खांब, पत्रा, उंच मांडव नको. झोपडी तर नकोच, एक छप्पर टाकलं की योजना बुडाली समजा. वेल लावायचे ते जमिनीवर पसरणारे, काकडी, लाल भोपळा. सोडत काढून वर्षासाठी द्यावं आणि जो तण माजू देईल त्याचं काढून घ्यावं. आधी माती तपासावी, कारण राडारोड्याबरोबर तिथं काय काय पुरलंय ह्याचा भरवसा नाही. माती खराब निघाली तर वर वाफे उचलून खत भरावं. ओला कचरा आपण घराघरांतून वेगळा करून देतो, त्याचं खत शहरातच होतं, त्यातलं थोडं इथं परत यावं.

आणखी एक, आणि हे मी बाहेरून आलेला माणूस म्हणून मुद्दाम लिहितो. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. ज्या पट्ट्यावर आज तारा आहेत तिथं कुणाची तरी भातखाचरं होती. घणसोली, तळवली, दिवाळे अशा गावठाणांतल्या आगरी-कोळी म्हाताऱ्यांना खाऱ्या वाऱ्यात कोणता वाल येतो, कोणती काकडी टिकते हे माझ्यापेक्षा दसपट कळतं. सोडतीत पहिला हक्क त्यांचा असावा. त्यांच्याकडचं बियाणं मिळालं तर आम्हा घाटावरच्यांचंही भलं होईल.

ह्यानं भाजीचे भाव उतरतील असं कुणी समजू नये. मार्केटला ओरखडाही उठणार नाही, माझ्या जुन्या गाळेवाल्यांनी निश्चिंत राहावं. पैसे वाचतात का? मिरची-कोथिंबिरीचे वाचतात, बाकी हिशेब मी ठेवत नाही. चोऱ्या होतील हीही शंका काहींनी काढली. होतील. दोन वांगी गेली तर गेली, मार्केटात एका रात्रीत ह्याहून जास्त चाकाखाली जातात.

सुरुवातीला एकच पट्टा घ्यावा, कोपरखैरण्याचा किंवा नेरूळचा. दसऱ्याला वाफे हातात मिळाले तर मेथी, मुळा, माठाचा हंगाम सापडेल. तोवर पावसाळ्याचे महिने माती तपासायला आणि सोडतीला पुरेसे आहेत. राडारोडा उचलायला माणसं कमी पडत असतील तर आमच्या गल्लीतले निवृत्त माथाडी येतील. मजुरी नको, पालिकेनं गाडी पाठवावी.

आपला,
एक निवृत्त माथाडी कामगार,
कोपरखैरणे, नवी मुंबई