तुरीच्या कट्ट्यामागचं पुस्तक

टल्सा, ओक्लाहोमा
१२ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न.

वेचणी कुठवर आली? परवा दादा फोनवर बोलला तो वावरातूनच. बाया मिळत नाहीत म्हणत होता.

इथल्या लायब्ररीत आता मला किशोरवयीन मुलांचा विभाग दिला आहे. बारा ते अठरा वर्षांची पोरं. त्यांना पुस्तक सुचवायचं तर आधी आपण वाचायला हवं, म्हणून रोज रात्री एक कादंबरी घेऊन बसते.

पुष्कळदा चीड येते, बाबा. आईबाप एकतर मेलेले, नाहीतर बिनडोक. सोळा वर्षांच्या पोरीनं जग वाचवायचं आणि मधल्या वेळात दोन पोरांपैकी कोण आवडतो ते ठरवायचं. एका पुस्तकात मावलं असतं त्याचे तीन भाग.

पण मग याच शहरातल्या एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' वाचली. १९६७ मध्ये ती छापली गेली तेव्हा बाई अठरा वर्षांची होती. (आपल्या महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदाही त्याच सालचा.) आईबाप अपघातात गेलेले तीन भाऊ. थोरला कॉलेजला न जाता घरांच्या छपरांची कामं करतो, आणि धाकट्याला वाटतं, याला आपण नकोसे आहोत. तिथं मी पुस्तक मिटलं. दादानं बारावीनंतर वावर धरलं म्हणून माझी अमरावतीची फी भरली गेली, आणि मी कितीतरी वर्षं त्याला तुसडा समजत राहिले. हे मला पंधराव्या वर्षी वाचायला मिळायला हवं होतं. 'किशोर' मासिक सुटलं की आपल्याकडे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधे काहीच नाही.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकाच्या पुस्तकांमागे अशीच एक कादंबरी सापडली, पानाचा कोपरा दुमडलेला. घरी नेता येत नसेल, म्हणून कोणीतरी रोज येऊन तिथंच वाचत असणार. मी ती उचलली नाही. तुरीच्या कट्ट्यामागे मी लपवलेलं पुस्तक तुम्हाला सापडलं होतं आणि तुम्ही ते परत तिथंच ठेवलं, हे आईनं मला लग्नानंतर सांगितलं.

दादाची पोर नववीत आहे. तुमच्या वाचनालयातल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा तिच्या वयाच्या पोरांसाठी रिकामा करा. त्याला कुलूप नको, आणि कोण काय नेतं ते विचारू नका. उन्हाळ्यात येताना पुस्तकं मी आणते.

आईला नमस्कार. दादाला मी वेगळं लिहिते आहे.

तुमची,
बेबी