बुडालेला तुकडा

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू कॅमेरा बंद ठेवलास तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. काल दादाकडून कळलं, दोन्ही डोळे सुजून मिटलेत, मानेवर आणि कोपरांच्या आत चट्टे उठलेत. डॉक्टर काय म्हणाले तेही त्याने सांगितलं. त्यात भर घालायची नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

आधी माझी चूक. तू लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, बाऊल कातायला घेतलेला तो लाकडाचा ठोकळा मी पाठवला आणि त्यावर खडूने ‘शिसवी’ लिहिलं तेही मीच. इतकी वर्षं माळ्यावर पडलेला, मेणात बुडवलेला, वरून काळपट. अण्णांच्या वेळचा, म्हणजे शिसवीच असणार, असं धरून चाललो. मंगळवारी तू म्हणालीस, “बाबा, भुसा नारिंगी पडतोय, आणि वास मसाल्यासारखा येतोय.” मी म्हटलं, “जुनं लाकूड आहे, येतो.” तेव्हाच लेथ बंद कर म्हणायला हवं होतं. शिसवीचा भुसा जांभळट तपकिरी असतो, हे मी तुला तू दहा वर्षांची असताना शिकवलंय.

काल रात्री त्याच ठोकळ्याचा इकडे उरलेला तुकडा काढला. हातमोजे घालून, आई दारात उभी होती. नव्या पात्याने आडवा छेद तासला आणि दहापट भिंगाखाली धरला. मोठी, विरळ छिद्रं, मधून फिकट बारीक रेषा. पण एवढ्यावरून निकाल लागत नाही, शिसवी आणि मला संशय होता ती कोकोबोलो, दोन्ही डालबर्जिया गटातल्याच, सख्ख्या बहिणींसारख्या. मग बादलीत टाकला. शिसवी तरंगते. हा सरळ तळाला गेला. ताज्या छेदाला केशरी रंग, त्यात काळ्या रेघा. कोकोबोलो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड, अण्णांकडे कुठून आलं देव जाणे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाचा सगळा गटच साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेला, त्या आधीचा हा माल, कागद नाही, चिठ्ठी नाही. आणि मी खडू उचलला.

दादा म्हणतो, तू राहिलेला बाऊल मास्क लावून पूर्ण करणार आहेस. नको गं. या लाकडाचं असंच असतं, पहिल्या खेपेला बऱ्याचदा काहीच होत नाही. अंग ते ओळखून ठेवतं, आणि पुढे चिमूटभर धुळीनेही उसळतं. मास्क नाकातोंडाचं बघेल. पापण्यांचं, मानेचं, बाहीत अडकलेल्या भुशाचं काय? आणि तुझा तो कापडी मास्क तर मास्कच नव्हे. फिल्टरवाला घे, चेहऱ्याला घट्ट बसणारा. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच छापलंय, म्हणजे नुसत्या खाजेपुरती ही गोष्ट नाही. धूळ ओढणारा पंखा लेथच्या मागे नको, पटाशीच्या जवळ हवा. आणि आबनूस हातात आलंच तर आधी स्पिरिटच्या बोळ्याने पूस, काळा रंग दिलेलं लाकूड सर्रास खपवतात. खरं असलं तर सँडपेपर दाबून धरू नकोस, तापलं की केसासारख्या भेगा पडतात, आणि…

बघ, सुरू झालो. तू हे सगळं जाणतेस. पडौकच्या लाकडाचा भुसा पाण्यात टाकून अतिनील टॉर्च मारली की पाणी निळं चमकतं, हे तर तूच मला दाखवलंस. मी सांगतोय कारण न सांगता बसवत नाही. माफ कर.

पर्पलहार्टची, त्या जांभळ्या म्हणून आणलेल्या लाकडाची, वाटी आठवते? तू नऊ वर्षांची, स्टुलावर उभी. आतून मातकट तपकिरी रंग निघाला तशी रडायला लागलीस, बाबांनी खोटं लाकूड आणलं म्हणून. दोन-तीन दिवसांनी सकाळी उठलीस तर खिडकीतली वाटी जांभळी झालेली. घरभर नाचलीस. आता ती तपकिरीच झालीय, उजेडाने होतेच, पण आई अजून तिच्यात सुया ठेवते.

तुझ्या गेल्या बाऊलचा फोटो मी सगळ्यांना दाखवला. कडेची जाडी दोन मिलिमीटर, आरपार उजेड. माझ्या हाताने ते कधी झालं नाही. म्हणून तर जीव अडकतो, एवढा हात असलेली मुलगी एका ठोकळ्यापायी…

राहिलेला बाऊल दुहेरी पिशवीत बांध. तू नको, दादाला बांधू दे. लेथ आणि फरशी त्यालाच ओल्या फडक्याने पुसू दे, फुंकर किंवा झाडू नको. ते कपडे इतर कपड्यांत धुवू नका. शिसवीसुद्धा तूर्त लांबच ठेव. बहीणच ती, तुझं अंग दोघींत फरक करेलच असं नाही.

तुझा,
बाबा

ता. क. इकडचा तुकडा जाळून टाकणार होतो. आई म्हणाली, “आणि धूर कुठे जाईल?” म्हणून पुन्हा गुंडाळून ठेवलाय. या वेळी वर खरं नाव लिहिलंय, शाईने. रविवारी फोन करशील तेव्हा कॅमेरा सुरू ठेव. डोळे उघडत नसले तरी.