दार लावून घेणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. दीड वर्षाचा मुलगा, अंगभर पुरळ, सोबत सासूबाई आणि काखेत जुन्या कागदांची फुगलेली फाइल, एवढ्यावरून आठवलो तर आठवलो. ग्रामीण रुग्णालयातल्या तुमच्या ओपीडीत रोज जत्राच भरलेली असते.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही जिथे जात होतो तिथे एसी होता, भिंतीवर जिराफ होता आणि फी भरपूर होती. त्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पोराकडे नजर टाकली आणि अ‍ॅलर्जी म्हणून मोकळे झाले. अंडं बंद, शेंगदाणा बंद, वर दूधही बंद. पुरळ जागच्या जागी, पोरगं मात्र सुकत चाललं. मग औषधाच्या दुकानदाराने न विचारता एक ट्यूब हातावर ठेवली. लाली झटक्यात गेली आणि थोड्याच दिवसांत दुपटीने उसळली. त्यात स्टेरॉइड होतं, हे तुमच्याकडून कळलं. २०१८ मध्येच सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, हेही तेव्हाच ऐकलं. दुकानदाराने ऐकलं नसावं.

नातेवाईक होतेच. कुणी उष्णता म्हणालं, कुणी पित्त, एका आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. आणि सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं: नोकरी करणाऱ्या आयांची पोरं, दुसरं काय होणार.

तुम्ही काय केलंत? खुर्ची पुढे ओढलीत आणि त्याचा मोजा काढलात. बास. तोवर कुणी त्याचे तळपाय बघितलेच नव्हते! तळव्यावर बारीक फोड होते, बोटांच्या बेचक्यांत पेन्सिलीने ओढल्यासारख्या नागमोडी रेघा. बघता बघता बोलत होतात. घामोळं असतं तर मानेवर, पाठीवर जास्त दिसलं असतं. गांधी उठतात त्या काही तासांत बसतात, जागा बदलतात. इसब या वयात गालांवर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला जास्त. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप येतो, तोंड येतं. मग विचारलंत, "रात्री जास्त खाजवतो का? घरात आणखी कुणाला खाज सुटते?"

मी नाही म्हणाले. सासूबाई गप्प होत्या, हात पदराखाली.

तेव्हा तुम्ही उठलात. दारापर्यंत रांग आत आलेली, दोघं-तिघं तर टेबलावर वाकून कान देत होते. त्यांना बाहेर काढून तुम्ही स्वतः दार लावलंत, कडी घातलीत, परत आलात आणि म्हणालात, "आजी, हात बघू." हात बघून झाल्यावर मग खरूज हा शब्द उच्चारलात.

सासूबाईंचं सोवळं आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. उंबऱ्याबाहेरची चप्पलसुद्धा त्यांना तिरकी चालत नाही. खाज लपवून त्या रात्ररात्र जागत होत्या, हे मला त्या खोलीत कळलं. त्यांना तुम्ही म्हणालात, "ही घाणीची खूण नाही, आजी. हा किडा अंगाला अंग लागून जातो. तुम्ही नातवाला कुशीत घेऊन झोपता ना, तेवढंच झालंय." त्या रडल्या. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं: कित्येक आठवड्यांनी कुणीतरी मला दोष न देता बोललं होतं.

ते दार लावायला तुम्हाला किती वेळ लागला असेल? बाहेर लोक कुरकुरले असतील. माणसाचा आब राखणारी माणसं तशीच असतात. आमचा वाणी उधारी मागायची तर गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबतो. तुम्ही त्याच जातकुळीच्या. जिराफवाल्यांकडे हे फीमध्येही मिळालं नाही.

मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं, खाज नसलेल्या माझ्या नवऱ्यानेही, तोंड वाकडं करत. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला महिना-दीड महिनासुद्धा लागतो, म्हणून खाज नाही त्यांनीही लावायचं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर तो नक्की सटकला असता. आठवड्याने पुन्हा लावलं. किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, घाबरून आणखी चोपडू नका, हेही बजावलं होतंत, म्हणून धीर धरला. निघताना काचेच्या ग्लासाचं सांगितलंत तेही लक्षात आहे: ताप असताना आलेले डाग ग्लास दाबूनही फिके पडले नाहीत, तर रात्र असो की सण, थेट दवाखाना गाठायचा.

आता पोरगं रात्रभर झोपतं. अंडं पुन्हा सुरू झालंय, अर्धं खातं, अर्धं केसांना फासतं. सासूबाई तुमचा विषय निघाला की "आमची डॉक्टरीण" म्हणतात. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मला अजून मिळालेलं नाही.

पाळणाघरात मी स्वतःच सांगून टाकलं. तिथल्या आणखी दोन मुलांना तेच निघेलसं दिसतंय, त्यांच्या घरच्यांना सोमवारी तुमच्याकडे पाठवतेय. त्यातली एक आजी आमच्या आजींपेक्षा कडक आहे. सांभाळून घ्या.

तुमची आभारी,
फाइलवाली आई