घुबडाच्या गोळीतले जबडे नीट मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हरभरा घाट्यावर आला की वऱ्हाडात उंदरांचा विषय निघतो आणि गव्हाणी घुबड शेतकऱ्याचे मित्र कसे, हेही सांगितले जाते. ते खरेच आहे. पण घुबड न पचलेले केस-हाडे गोळी करून ओकून टाकते, त्या गोळीतले जबडे मोजून घुबडाने किती उंदीर खाल्ले याचा हिशेब शाळेतली मुले मांडतात, तेव्हा आकडा सहज दुप्पट होऊ शकतो. याचे मूळ उंदराच्या जबड्यातच आहे.

माणसाचा खालचा जबडा एकसंध असतो. उंदराचे दोन अर्धे जबडे पुढे फक्त तंतूंनी जोडलेले असतात. ते तंतू घुबडाच्या पोटात विरघळतात आणि ओकून टाकलेल्या केसाळ गोळीत डावा-उजवा भाग सुटा सापडतो. म्हणून डावे वेगळे, उजवे वेगळे मोजावेत आणि मोठा आकडा धरावा. ७ डावे व ५ उजवे मिळाले तर उंदीर किमान ७, १२ नव्हेत.

पडक्या वाड्यात, जुन्या गोदामात पडलेल्या गोळ्या हातमोजे व मास्क लावूनच उचलाव्यात. तासभर कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवाव्यात. कोरडी गोळी फोडली की नाजूक हाडे मोडतात, धूळ नाकात जाते.

आता ओळख. पुढे पटाशीचा एकच लांब दात, मग मोकळी जागा, मागे ३ दाढा: हा उंदीर. दाताची पुढची बाजू पिवळसर-नारिंगी असते, कारण तिथल्या लुकणात (दाताच्या बाहेरच्या कठीण थरात) लोह असते. दात पांढरे आणि मध्ये मोकळी जागा नसेल तर ती चिचुंद्री. ती उंदरांत धरू नये. वरच्या पटाशीच्या दातावर उभी खाच दिसली तर तो बहुधा जर्बिल, म्हणजे शेतात बिळे करणारा एक उंदीर. ही खाच खालच्या दातावर नसते, म्हणून कवटीचे तुकडे फेकू नयेत.

दाढा गळाल्या असतील तर त्यांच्या मुळांचे खळगे मोजावेत. खालच्या पहिल्या दाढेचे खळगे लहान घरउंदरात २, घरातल्या काळ्या उंदरात ४. पटाशीचा खालचा दात मात्र सरळ ओढू नये. तो आयुष्यभर वाढतो आणि त्याचे मूळ दाढांच्या खालून थेट मागे गेलेले असते. वळणाच्या दिशेने हळूच सरकवला तरच अखंड निघतो.

गोळ्या ठेवलेल्या प्रत्येक पाकिटावर तारीख आणि शिवाराचे नाव लिहावे. तूर उभी असतानाच्या गोळ्या गव्हाच्या दिवसांतल्या गोळ्यांत मिसळल्या, तर कोणत्या पिकात कोणता उंदीर होता हे कळायला मार्ग उरत नाही.

आपला,
एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)