पाणी साठवायला जागा कुणाला?

बेळगाव

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गल्लीतल्या पंच मंडळींनी पाण्यासाठी अर्ज द्यायचं ठरवलंय, हे फार चांगलं झालं. पण नुसतं "पाणी कमी येतं" म्हणून चालायचं नाही. कुणाला किती कमी, ते लिहा.

आपल्या शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. 2008 मध्ये 10 वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकी शहर पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनच्या वाटेकडे डोळे लावून राहिलं. ही तफावत सगळ्यांना दिसते. एकाच गल्लीतली तफावत मात्र कुणी मोजत नाही.

ती अशी मोजा. पाणी नीट लागल्यावर 15 लिटरची बादली नळाखाली धरा आणि सेकंद बघा. मिनिटात भरली, तर दोन तासांत 1800 लिटर. समजा, पाणी आठवड्यातून एकदा येतं. ज्याच्या अंगणात जमिनीतली टाकी आहे, त्याला हे सगळं घेता येतं. शहापूर-वडगावात विणकराच्या घरात अर्धी जागा मागच अडवतो. तिथं 200 लिटरची दोन पिंपं आणि घागरी-हंडे मिळून 500 लिटर जेमतेम मावतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात भांडी भरली, पुढचं पाणी त्या घराच्या उपयोगाचं नाही. पाच माणसं, सात दिवस: माणशी रोज 14 लिटर. शहरासाठी मापदंड 135 लिटरचा आहे रे!

म्हणून अर्जात "जास्त वेळ सोडा" असं मागू नका. त्याचा फायदा टाकीवाल्यालाच. "पाणी सोडण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर कमी करा" असं मागा. तेच दोन तास आठवड्यातून दोनदा एकेक तास झाले, तर पिंपवाल्या घराला 500 ऐवजी 1000 लिटर मिळतात, तेही धरणातून थेंबभर जादा न घेता. एक अडचण येते: प्रत्येक वेळी रिकामी लाईन भरेपर्यंत काही मिनिटं जातात आणि टोकाच्या, चढावरच्या घरांना पाणी उशिरा लागतं. तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या घराला पाणी कधी लागलं, हे दोन्ही टिपून तेवढा वेळ वाढवून मागा.

नळाला थेट मोटर लावणाऱ्यांशी आधी गल्लीतच बोला. मोटर ओढते तेव्हा पुढच्या घरांचा दाब पडतो. पाईप कुठं फुटलेला असेल तर शेजारच्या गटारीचं पाणीही आत खेचलं जातं. पाणी आल्यावर सुरुवातीचं गढूळ असतं, ते दोन पाळ्यांच्या मधल्या काळात लाईन रिकामी राहते म्हणून. हुबळी-धारवाडच्या अभ्यासातही हे दिसलं आहे. ते धुण्याला वापरा. क्लोरीन तपासणीचं किट मागवून टोकाच्या नळावर बघा. लिटरमागं किमान 0.2 मिलिग्रॅम दिसायला हवं.

वाड्यातल्या भाडेकरूंचं वेगळं लिहा. पाच बिऱ्हाडांना एकच मीटर असेल आणि प्रत्येकानं महिन्याला 8,000 लिटर वापरलं, तर मीटर 40,000 दाखवतो. वापर वाढेल तसा दर चढतो, म्हणून काटकसर करणाऱ्यालाही वरचा दर बसतो. जोडणी मालकाच्या नावावर, त्यामुळं भाडेकरूला तक्रार करणंही अवघड जातं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. बिऱ्हाडांची संख्या धरून दर लावा, अशी मागणी स्वतंत्र अर्जात करा.

अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, सोबत मराठी प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. व्हॉल्व्ह उघडण्याच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतील. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं दराचा प्रश्न त्यात घुसडू नका. निदान चार पाळ्यांच्या नोंदी हातात आल्यावरच नगरसेवकांकडे जा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक